खडीच्या वाटेवरचे तण

फाटकापासून पडवीपर्यंत गाडी यावी म्हणून आम्ही वाटेवर खडी टाकली, तेव्हा पहिल्या पावसाळ्यात ती काळीशार राहिली. तिसऱ्या पावसाळ्यात मात्र तिच्यावर टाकळा गुडघाभर वाढला. खडीखालची जमीन फोडून तो वर आला असावा, अशी माझी समजूत होती. एक रोप उपटून पाहिले, तेव्हा त्याची मुळे वरच्या दोन इंचांतच पसरलेली होती आणि त्यांना काळी, भुसभुशीत माती चिकटलेली होती. ती जमिनीची तांबडी माती नव्हती. आंब्याफणसाचा पाचोळा खडीच्या फटींत दोन वर्षे कुजून ती तयार झाली होती. हरळी आणि लव्हाळा खालून किंवा कडेने येतात हे खरे, पण खडीतले बाकीचे बहुतेक तण वरून पडलेल्या बियांचे असते आणि त्या बियांना लागणारी माती आपणच साठू देतो. म्हणून तण काढण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, लक्ष ही माती साठू न देण्याकडे द्यावे लागते.

हे काम एप्रिल-मे महिन्यांत, खडी कोरडी असताना करावे. पाचोळा खराट्याने झाडून घ्यावा आणि लोखंडी दाताळ्याने वरची दोन इंच खडी ओढून मोकळी करावी, म्हणजे फटींतला भुगा खाली जाऊन गच्च बसत नाही. जेथे माती फारच साठली असेल, तेथील खडी फावड्याने उचलून वाळू चाळायच्या जाळीवर टाकावी आणि चाळलेली खडी परत पसरावी. संपूर्ण वाटेला हा उपचार तीन-चार वर्षांतून एकदा पुरतो. खाली पडलेली काळी माती माडाच्या आळ्यात घालावी. या कामात दगडाखाली हात घालण्याचा मोह टाळावा, कारण फुरसे या विषारी सापाला अशाच दगडांच्या आडोशाला बसण्याची सवय असते. आधी दाताळे फिरवावे आणि पायांत बूट असावेत. वाट उतारावर असेल, तर वरच्या अंगाला हातभर रुंदीचा चर खणून पावसाचे पाणी बाजूला काढावे, अन्यथा कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पडणारा पाऊस भरडावरची, म्हणजे वरच्या उंच जमिनीवरची, तांबडी माती थेट खडीत आणून ओततो.

वाट नव्याने करायची असेल, तर हरळी आणि लव्हाळा मुळांसकट खणून काढण्यात कसूर करू नये. त्यानंतर मुरूम टाकून, मध्यभाग किंचित उंच ठेवून रोलर फिरवावा, त्यावर पाणी झिरपू देणारे जाड जिओटेक्स्टाइल कापड अंथरावे आणि वर २० मिलिमीटरची खडी तीन इंच पसरावी. दहा फूट रुंद आणि पन्नास फूट लांब वाटेला अशी सव्वा ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) खडी लागते. खडी घेताना तिच्यात कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, मिसळलेली नाही ना, हे ट्रक रिकामा होण्याआधी पाहावे. आमच्याकडे आलेल्या खेपेत चौथा हिस्सा कच निघाली आणि तण सर्वांत आधी तेथेच उगवले. कापडाऐवजी काळे प्लास्टिक अंथरण्याची चूकही आम्ही वाटेच्या एका टप्प्यात करून पाहिली आहे. मृगाच्या पहिल्याच मोठ्या सरीत पाणी प्लास्टिकवर तुंबले आणि निम्मी खडी घसरून फाटकाशी गोळा झाली. शिवाय लव्हाळ्याचे टोकदार कोंब ते प्लास्टिक भेदून वर आलेच. दोन्ही कडांना जांभ्याचे चिरे अर्धे जमिनीत पुरून बसवले, तर खडी बाहेर पसरत नाही आणि बाजूची हरळीही सहसा आत शिरत नाही.

पाऊस सुरू झाल्यावर आठ-दहा दिवसांत खडीवर हिरवी लव दिसू लागते. बेणणीची, म्हणजे तण काढण्याची, खरी वेळ हीच असते. रोपे दोन पानांवर असताना, पावसाने उघडीप दिलेल्या दिवशी दाताळे एकदा आडवे आणि एकदा उभे फिरवले, की ती मुळांसकट सुटून उन्हात करपतात; पन्नास फुटांच्या वाटेला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही. हेच काम श्रावणावर ढकलले, तर दोन गडी आणि दोन दिवस लागतात. लाजाळू कोवळी असतानाच खुरप्याने काढावी, पुढे तिचे काटे हाताला सोडत नाहीत. गाजरगवत फुलावर येण्याआधी हातमोजे घालून उपटावे, कारण त्याने अनेकांच्या अंगाला खाज सुटते. कोवळा टाकळा, अर्थात, भाजीसाठी खुडण्यास हरकत नाही. लव्हाळा एकदा उपटून संपत नाही, कारण पात तुटते आणि जमिनीतली गाठ तशीच राहते. दर पंधरा दिवसांनी नवी पात काढत राहिले, तरच गाठीतला साठा हळूहळू संपतो, आणि त्याला दोन पावसाळे सहज लागतात.

मीठ टाकण्याचा सल्ला हमखास मिळतो, पण तो मानू नये. जांभा सच्छिद्र असल्यामुळे वाटेवर टाकलेले मीठ पावसाबरोबर कलमांच्या मुळांपर्यंत आणि विहिरीपर्यंत पोहोचू शकते. उकळते पाणी कोवळ्या रोपांवर चालते. व्हिनेगर केवळ पाने जाळते. ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर केंद्र सरकारने २०२२ मध्ये पेस्ट कंट्रोल ऑपरेटरांपुरता, म्हणजे कीडनियंत्रणाचे काम करणाऱ्या व्यावसायिकांपुरता, मर्यादित केला, त्यामुळे ते स्वतः फवारू नये. वाळलेले गवत जागेवर पेटवून देणे तर वैशाखात, शेजारी काजूची बाग असताना, निव्वळ वेडेपणाचे ठरेल. ग्रास कटर खडीवर चालवला, तर दगड गोळीसारखे उडतात. आमच्या ओटीच्या खिडकीची एक काच त्यातच गेली.

भाद्रपदात टाकळ्याला पिवळी फुले दिसू लागली, की उरलेली सर्व रोपे शेंगा धरण्याआधी काढावीत, कारण त्याच्या कठीण कवचाच्या बिया वर्षानुवर्षे मातीत तग धरतात. उपटलेले तण कडेला ढीग करून ठेवू नये. फुलावर न आलेले खतखड्ड्यात घालावे. लव्हाळ्याच्या गाठी मात्र वेगळ्या काढून, ऑक्टोबरचे ऊन तापू लागले की कातळावर पसरून पूर्ण सुकेपर्यंत ठेवाव्यात आणि मगच टाकून द्याव्यात.