जॅग्वार, पँथर आणि काळा बिबट्या: या चुका टाळा, मी सगळ्या करून बसलोय

माझी मावसबहीण फ्लोरिडात असते. तिने एकदा फॅमिली ग्रुपवर हायवेवरच्या पिवळ्या बोर्डाचा फोटो टाकला, पँथर रस्ता ओलांडतात, गाडी हळू चालवा असा बोर्ड. मी लगेच शहाणपणा केला, "अगं पण रात्री काळाकुट्ट प्राणी ड्रायव्हरला दिसणार कसा?" तिचा रिप्लाय आला, "दादा, तो काळा नसतोच रे." आणि खाली फोटो, तर त्यात वाळलेल्या गवताच्या रंगाची, अंगावर एक ठिपका नसलेली मोठी मांजर. तोपर्यंत मी सोसायटीच्या गणपतीच्या क्विझमध्ये "पँथरचा रंग कोणता? काळा" हा प्रश्न सलग दोन वर्षं विचारून बक्षिसं पण वाटली होती. आता ती पेनं परत मागणार कुणाकडे.

तर पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच, की पँथर नावाचा एक वेगळा प्राणी आहे असं धरून चालायचं आणि मग "जॅग्वार आणि पँथरमध्ये फरक काय" असं विचारत बसायचं. असा वेगळा प्राणीच नाहीये. पँथर हा शब्द जिथे जाल तिथे वेगळ्या प्राण्याला चिकटतो. भारतातल्या जुन्या शिकारकथांमध्ये पँथर म्हणजे आपला साधा ठिपक्यांचा बिबट्या. आफ्रिका-आशियात ब्लॅक पँथर म्हणजे काळा बिबट्या. ॲमेझॉनच्या बाजूला ब्लॅक पँथर म्हणजे काळा जॅग्वार, तिकडची बिबट्यासारखी ठिपक्यांची मोठी मांजर. आणि फ्लोरिडात पँथर म्हणजे चक्क प्यूमा, तीच फोटोतली बिनठिपक्यांची मांजर. गंमत बघा, वाघ, सिंह, बिबट्या, जॅग्वार आणि हिमबिबट्या हे पाच जण शास्त्रीय नावात 'पँथेरा' लावतात, आणि ज्याचं रोजच्या वापरातलं नावच पँथर आहे तो फ्लोरिडावाला मात्र त्या गटात बसतच नाही.

आपल्याकडे तर हा शब्द प्राण्याच्या आधी चळवळीतून कानावर पडतो. १९७२ ची दलित पँथर, तिला नाव मिळालं अमेरिकेतल्या १९६६ च्या ब्लॅक पँथर पार्टीवरून. त्यामुळे पँथर म्हटलं की डोक्यात काळा, झेप घेणारा प्राणी येतो, आणि तो नक्की कुठला हे विचारायची वेळच येत नाही.

म्हणून माझा आता एकच नियम आहे. कुणी पँथर म्हणालं की रंग विचारायचा नाही, आधी गाव विचारायचं.

रंग बघून प्राणी ठरवणे

काळा रंग ही जात नाही. बिबट्यातही काळे निघतात, जॅग्वारमध्येही निघतात, म्हणजे एकाच घरात एक भाऊ गोरा एक सावळा तसंच ते. कातडीत आणि केसात मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य जास्त, बाकी प्राणी तोच. २०२० मध्ये कर्नाटकातल्या कबिनीच्या जंगलाचा तो फोटो सगळीकडे फिरला होता, पुढे नेहमीची ठिपक्यांची मादी आणि मागे तिची सावली पडावी तसा काळा नर. कित्येकांनी तो "बिबट्या आणि पँथरची जोडी" असं लिहून फॉरवर्ड केला. दोघंही बिबटेच हो.

आणि ठिपके कुठे जात नाहीत, ते काळ्यावर काळे असतात एवढंच. तिरपं ऊन पडलं की दिसतात. तुमच्याकडे काळ्या प्राण्याचा फोटो आला आणि काही कळत नसेल तर फोनमधेच एडिटला जा, शॅडो आणि ब्राइटनेस वर ओढा, फोटो बऱ्यापैकी असेल तर खांद्यावर आणि कुशीवर नक्षी वर येते. मलेशियात संशोधकांची हीच पंचाईत झाली होती, तिकडच्या द्वीपकल्पातले बिबटे जवळपास सगळेच काळे, मग कॅमेरा ट्रॅपमध्ये, म्हणजे जंगलात लावलेल्या आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात, हा बिबट्या कोणता आणि तो कोणता ओळखणार कसं. त्यांनी कॅमेऱ्याला दिवसासुद्धा रात्रच आहे असं भासवलं, म्हणजे तो कायम इन्फ्रारेड फ्लॅशवर फोटो काढेल, आणि त्या उजेडात काळ्या अंगावरचे ठिपके स्वच्छ उठून आले. काय डोकं चालवलंय!

यात अजून एक भारी भानगड आहे, ती मला कळली तेव्हा मी दोन दिवस भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. बिबट्यात काळेपणाचा जीन दबून राहणारा, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच पिल्लू काळं होतं. जॅग्वारमध्ये उलटं, तिथे एकाकडून आला तरी पुरे. त्यामुळे ठिपकेवाल्या आईबापांना काळं पिल्लू झालं असेल तर तो बिबट्या असू शकतो, पण जॅग्वार असेल तर आईबापापैकी किमान एक काळा पाहिजेच. म्हणजे "दोन साध्या जॅग्वारना काळं पिल्लू" अशी बातमी दिसली तर कॅप्शन लिहिणाऱ्याने प्राणी तरी चुकवलाय नाहीतर बाप.

काळा प्यूमा मात्र आजपर्यंत पक्क्या पुराव्यानिशी कुणालाच सापडलेला नाही. त्यामुळे "अमेरिकेत काळा पँथर दिसला" असं कुणी सांगितलं की फ्लोरिडावाल्याचं नाव घेऊ नका. तो पिल्लू असताना ठिपकेवाला असतो, मोठा झाला की मातकट, काळा कधीच नाही.

ठिपके बघायचे, पण नीट नाही बघायचे

जॅग्वार आणि बिबट्या, दोघांच्या अंगावर फुलासारखी ठिपक्यांची कडी असतात, रोझेट म्हणतात त्यांना. जॅग्वारची कडी मोठी, संख्येने कमी, आणि आत एकदोन बारके ठिपके. बिबट्याची कडी लहान, दाट, आतून रिकामी. एवढं बहुतेकांना माहीत असतं. चूक होते ती बघण्याच्या जागेत. लोक तोंड आणि पाय झूम करतात, तिथे दोघांनाही साधे भरीव ठिपकेच असतात, मग "दोन्ही सेम आहेत की" म्हणून सोडून देतात. बघायचं ते खांद्यापासून कमरेपर्यंत, कुशीवर. आणि एकच कडं बघून निकाल देऊ नका, बिबट्याच्याही एखाद्या कड्यात चुकार ठिपका सापडतो, सात-आठ बघा.

कडीच नाहीत, नुसते गोल भरीव ठिपके आहेत आणि डोळ्यांपासून तोंडाकडे काळा ओघळ आलाय, तर तो चित्ता. इथे पँथरचा प्रश्नच मिटला.

"मोठा दिसतोय, म्हणजे जॅग्वार"

हा फंडा मीही वापरायचो. ब्राझीलमधल्या पांतानालचे नर जॅग्वार शंभर किलोच्या वर जातात, आपला बिबट्या त्यापुढे सडपातळ वाटतो हे खरं. पण मध्य अमेरिकेतला जॅग्वार पन्नास-साठ किलोत आटपतो, म्हणजे आपल्या बिबट्याएवढाच. फोटोत शेजारी मोजपट्टी नसते. त्यापेक्षा बांधा बघा: जॅग्वारचं डोकं रुंद, जबडा भरलेला, पाय आखूड आणि जाड, आखाड्यातल्या पैलवानासारखा. बिबट्या लांबट, लवचिक, आणि त्याची शेपटी चांगली लांब, कारण झाडावर तोल सांभाळायचा असतो. जॅग्वारची शेपटी त्यामानाने आखूड. काळ्या प्राण्यात ठिपके दिसलेच नाहीत तर डोकं आणि शेपटी हेच कामाला येतं.

झाडावर म्हणजे बिबट्या, पाण्यात म्हणजे जॅग्वार, हेही अर्धंच खरं. दोघंही पोहतात, दोघंही चढतात. पण शिकार झाडाच्या फांदीवर टांगून ठेवलेली असेल तर ते काम बिबट्याचं. आणि नदीत उडी मारून मगरीसारखा कैमन मानगुटीला धरून बाहेर ओढतोय असा व्हिडिओ असेल तर डोळे मिटून जॅग्वार म्हणा. त्याचा जबडा इतका दणकट की तो कवटीतच दात घालतो, बाकीच्या मोठ्या मांजरांसारखा नुसता गळा धरून बसत नाही. असे बरेच व्हिडिओ पांतानालमधल्या पोर्तो जोफ्रे भागातले असतात, तिकडे पर्यटक बोटीतून जॅग्वार बघतात.

आवाजावरून ओळखायला जाऊ नका. दोघांचाही आवाज करवतीने लाकूड कापल्यासारखा खरखर येतो. प्यूमा तेवढा वेगळा पडतो, त्याला डरकाळी फोडता येत नाही, तो घरच्या मांजरासारखा घुरघुरतो.

भाषांतराच्या भरवशावर राहणे

कोकणात म्हातारी माणसं बिबट्याला सरळ वाघ म्हणतात, आणि खऱ्या वाघाला पट्टेरी म्हणून वेगळं सांगावं लागतं. तिकडे लॅटिन अमेरिकेतही डिट्टो हेच! स्पॅनिश बोलणारे गावकरी जॅग्वारला 'तिग्रे' म्हणतात, म्हणजे वाघ, आणि काही ठिकाणी प्यूमाला 'लेओन', म्हणजे सिंह. आता ती बातमी मशीनने भाषांतर होऊन आपल्यापर्यंत आली की "मेक्सिकोच्या जंगलात वाघ दिसला" असं होतं आणि लोक खाली भांडतात. मेक्सिकोच्या जंगलात वाघ नाही, आणि भारताच्या जंगलात जॅग्वार नाही. भारतात जॅग्वार दिसलाच तर पिंजऱ्यात, नाहीतर रस्त्यावर गाडी म्हणून, नाहीतर हवाई दलाचं विमान म्हणून, ज्याचं आपल्याकडचं नाव शमशेर.

"आमच्या गावात ब्लॅक पँथर" वाला फॉरवर्ड

इथे दोन टोकाच्या चुका होतात. एक म्हणजे लगेच खरं मानून पुढे ढकलणे. दुसरी म्हणजे "छ्या, महाराष्ट्रात कुठला पँथर" म्हणून उडवून लावणे. महाराष्ट्रात काळे बिबटे आहेत, ताडोबात पर्यटकांनी पाहिलेत, आणि विहिरीत पडलेला काळा बिबट्या वनखात्याने बाहेर काढल्याच्या बातम्या कोकणातून आल्यात. २०२२ च्या गणनेत राज्यात अंदाजे १,९८५ बिबटे निघाले, त्यातला एखादा काळा असणं ही काही चमत्काराची गोष्ट नाही. फक्त तो बिबट्याच आहे, त्याला वेगळं, जास्त खतरनाक जनावर समजून गावात घबराट करू नका. फोटोतली झाडं, माती, रस्ता तुमच्याकडचा वाटतोय का ते बघा, डोळे बल्बसारखे निळे चमकत असतील आणि अंगावर ऊन असूनही नक्षीचा मागमूस नसेल तर तो फोटो बहुतेक कंप्युटरवर शिजलाय. आणि खरंच दिसला असेल तर जागा ग्रुपवर टाकू नका, वनखात्याच्या १९२६ नंबरवर कळवा, कारण जागा कळली की अर्धं गाव मोबाइल घेऊन तिकडे पळतं आणि मग जनावरापेक्षा गर्दीच आवरावी लागते.

बाकी फोटो शोधताना एक टिप. गूगलवर नुसतं जॅग्वार टाकलं की गाड्याच गाड्या येतात. त्याऐवजी ब्राझीलमधलं पोर्तुगीज नाव टाका, ओंसा पिंताडा, आणि काळा हवा असेल तर ओंसा प्रेता. यंदाच्या क्विझचे फोटो मी तिथूनच घेतलेत, आणि प्रश्नपत्रिका आधी फ्लोरिडाला पाठवलीये तपासायला.