वजने उचलणाऱ्यांनी ‘हाय इंटेन्सिटी’ वर्ग कसा सुरू करावा

वर्षानुवर्षे नेमाने स्क्वॉट, डेडलिफ्ट आणि बेंच प्रेस करणारा माणूस सामूहिक ‘हाय इंटेन्सिटी’ वर्गात, म्हणजे थोड्याशा विश्रांतीने लागोपाठ वेगवान फेऱ्या करायच्या व्यायामवर्गात, पहिल्यांदा उतरतो, तेव्हा तिसऱ्या-चौथ्या मिनिटालाच त्याला जोराची धाप लागते आणि त्याच्या निम्मे वजनही न उचलणारी शेजारची व्यक्ती मात्र शांतपणे पुढची फेरी सुरू करते. कोल्हापुरातल्या जिममध्ये हे दृश्य आता नेहमीचे झाले आहे. अशा वेळी काही जण चिडून दुप्पट वजन हातात घेतात, तर काही जण ‘हा आपला व्यायाम नव्हे’ म्हणून परत फिरतात. पहिल्या मार्गाने दुखापत होते, दुसऱ्याने एक चांगली संधी हातची जाते. खरे तर थोडी पूर्वतयारी केली, वजन निवडण्याची रीत बदलली आणि आठवड्याची मांडणी नीट केली, तर कमावलेली ताकद टिकवून दमसास वाढवता येतो.

ही धाप का लागते, हे आधी समजून घ्यावे. जड वजनाचा पाच रेप्सचा, म्हणजे सलग पाच वेळा उचलण्याचा, सेट साधारण १५ ते २० सेकंदांत संपतो. एवढ्या वेळेपुरती ऊर्जा मुख्यतः स्नायूंत साठलेल्या क्रिएटिन फॉस्फेटमधून येते आणि नंतरच्या तीन ते पाच मिनिटांच्या विश्रांतीत तो साठा बव्हंशी पुन्हा भरतो. वर्गात मात्र ४० सेकंद काम आणि २० सेकंद विश्रांती असा क्रम चालतो. साठा भरण्याआधीच पुढची फेरी येते, साखरेच्या जलद ज्वलनावर भार पडतो, मांड्या पेटतात आणि अखेरीस सारे काम हृदय, फुप्फुसे व ऑक्सिजन वापरणाऱ्या यंत्रणेवर येऊन पडते. वजने उचलणाऱ्याने नेमकी तीच यंत्रणा फारशी वापरलेली नसते. शिवाय ९० किलोच्या माणसाला प्रत्येक बर्पीत (खाली बसून हात टेकायचे, पाय मागे न्यायचे आणि पुन्हा उठायचे, असा व्यायाम) स्वतःचे ९० किलो जमिनीवरून उठवावे लागतात. तेव्हा ही धाप म्हणजे ताकदीचा अपमान मानू नये.

कोल्हापूरला ही गोष्ट नवी वाटण्याचे कारण नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान उभे केले, आणि त्या मातीत उतरणारा गंगावेश किंवा मोतीबाग तालमीचा मल्ल नुसते वजन उचलून कधीच तयार झाला नाही. शेकड्यांनी जोर-बैठका, दोरावर चढणे, खोऱ्याने आखाडा उकरणे आणि लागोपाठ जोडीदार बदलून लढत करणे, हा सारा धाप लागलेल्या अवस्थेत ताकद वापरण्याचाच सराव असतो. मॅटवरची आजची फ्रीस्टाइल कुस्तीही तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची आणि मध्ये अवघ्या ३० सेकंदांच्या विश्रांतीची असते. वर्गातला व्यायाम याच जातीचा आहे.

पहिल्या वर्गाआधीचे तीन-चार आठवडे

थेट वर्गात नाव घालण्याआधी तीन-चार आठवडे स्वतःची तयारी करावी. आठवड्यातून दोनदा, पहाटे किंवा संध्याकाळी, रंकाळा तलावाच्या कडेने २५ ते ३० मिनिटे इतक्याच वेगाने चालावे किंवा हळू पळावे, की सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. ज्यांना हे कंटाळवाणे वाटते त्यांनी सायकल किंवा रोइंग मशीन वापरावे. मात्र वेग संथच ठेवावा, कारण तीव्र फेऱ्यांच्या मधल्या विश्रांतीत शरीर किती लवकर सावरते, हे याच पायावर अवलंबून असते.

दुसरी तयारी स्नायूबंधांची. स्क्वॉटने मांड्या भक्कम होतात, पण उडी मारून जमिनीवर पाय टेकताना पोटऱ्या आणि टाचेमागचा अकिलीज स्नायूबंध जो झटका झेलतात, त्याची सवय स्क्वॉटने लागत नाही. त्यासाठी दोरीवरच्या उड्या उत्तम. सुरुवातीला ३० सेकंदांचे चार-पाच छोटे संच पुरेत. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना टाच दुखली, तर उड्यांची संख्या वाढवू नये. मनगटांचेही तसेच आहे. बेंच प्रेसमध्ये मनगट सरळ राहते, बर्पीत ते पूर्ण मागे वळते आणि त्यावर शरीराचा भार पडतो. रोज काही मिनिटे चवड्यांवर आणि तळहातांवर, जोर काढण्याच्या पवित्र्यात स्थिर राहिल्याने फरक पडतो.

वय चाळिशीपुढे असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, तंबाखू-सिगारेटची सवय असेल, किंवा घरात कमी वयात हृदयविकार झालेला असेल, तर आधी डॉक्टरांना भेटावे आणि ते सांगतील त्या तपासण्या कराव्यात. बाळंतपणानंतर उड्या मारताना लघवी सुटण्याचा त्रास ज्यांना होतो, त्या भगिनींनी संकोच न करता फिजिओथेरपिस्टला दाखवावे आणि तोवर उडीऐवजी पायरी चढण्याचा व्यायाम करावा.

वर्ग पाहावा, मग पैसे भरावेत

एक पूर्ण बॅच कडेला उभे राहून पाहण्याची परवानगी मागावी. ट्रेनर नवख्याला जुन्या दुखापतींबद्दल विचारतो का, केटलबेल (मूठ असलेला वजनाचा गोळा) हातात देण्याआधी कमरेतून वाकण्याची पद्धत शिकवतो का, उडी न जमणाऱ्याला पर्याय सुचवतो का आणि संगीताच्या गोंगाटात त्याची सूचना मागच्या रांगेपर्यंत पोहोचते का, हे पाहावे. एका ट्रेनरमागे २५-३० माणसे असतील, तर तुमची वाकलेली पाठ त्याच्या नजरेस पडणार नाही.

‘४५ मिनिटे सलग हाय इंटेन्सिटी’ अशी जाहिरात दिसली, तर सावध व्हावे. जपानी संशोधक इझुमी ताबाता यांनी १९९६ साली मांडलेल्या प्रसिद्ध पद्धतीत २० सेकंद काम आणि १० सेकंद विश्रांती अशा सात-आठ फेऱ्या असतात, म्हणजे सारा खेळ सुमारे चार मिनिटांचा. आणि तोही स्थिर सायकलवर, तरबेज खेळाडूंना पुरते थकवणारा. खऱ्या अर्थाने तीव्र व्यायाम दीर्घकाळ चालूच शकत नाही. तासाभराच्या चांगल्या वर्गात वॉर्मअप असतो, एखादे कौशल्य शिकवले जाते, १० ते २० मिनिटांचे मुख्य काम असते आणि शेवटी शरीर शांत करण्यासाठी वेळ राखलेला असतो.

वजन किती घ्यावे

वजने उचलणाऱ्याची सर्वाधिक चूक येथेच होते, म्हणून याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. जिममध्ये तुम्ही ‘जास्तीत जास्त किती’ या हिशेबाने वजन ठरवता. वर्गात ताजेतवाने असताना सलग २५ वेळा सहज उचलता येईल, तेवढेच वजन घ्यावे. एरवी १५० किलोची डेडलिफ्ट मारणाऱ्याने पहिल्या महिन्यात ६० किलोच्या वर जाऊ नये, आणि थ्रस्टरसाठी, म्हणजे स्क्वॉटमधून उठता उठता बार डोक्यावर नेण्यासाठी, २० किलोचा रिकामा बार पुरे. माझे मत विचाराल तर पहिल्या दोन वर्गांत तोही घेऊ नये, १० ते १५ किलोवर भागवावे.

याचे कारण केटलबेल स्विंगमध्ये स्पष्ट दिसते. पहिल्या फेरीत खुबे मागे जातात, पाठ सपाट राहते, आणि खुब्यांच्या झटक्याने केटलबेल छातीपर्यंत आपोआप तरंगत येते. तिसऱ्या फेरीत धाप वाढते, पोटाची पकड सुटते. केटलबेल खाली येताना पायांच्या मधून न जाता गुडघ्यांच्या खाली लोंबू लागते, खांदे तिच्यामागे ओढले जातात आणि कंबर गोल होते. माणसाला हे कळत नाही, कारण वजन त्याला हलकेच वाटत असते. पाठीला मात्र प्रत्येक झोक्याचा हिशेब द्यावा लागतो. केटलबेल गुडघ्यांच्या खाली जाऊ लागली, की ती खाली ठेवावी, दोन श्वास घ्यावेत आणि मग पुन्हा उचलावी. घड्याळ चालू असले तरी चालू द्यावे.

बर्पीचेही असेच आहे. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ रॉयल बर्पी यांनी ती १९३० च्या दशकात तंदुरुस्तीची एक साधी चाचणी म्हणून मांडली होती, आणि तिच्या मूळ रूपात ना जोर होता, ना शेवटची उडी. म्हणून नवख्याने हात बाकावर टेकवून, पाय एकेक करून मागे नेत आणि उडी न मारता सरळ उभे राहत ती केली, तर त्यात कमीपणा काहीच नाही. खांद्यांची पुरेशी तयारी होईपर्यंत झोका घेऊन मारायचे पुल-अप्स टाळावेत. सरळ लटकून दहा पुल-अप्स निघत असतील, तरीही हीच सूचना.

श्वासाची सवयही बदलावी लागेल. जड स्क्वॉटमध्ये श्वास रोखून पोट घट्ट करणे योग्य असते, पण त्या क्षणी रक्तदाब बराच चढतो. वर्गातल्या ३० रेप्समध्ये दरवेळी असा श्वास रोखला तर चक्कर येऊ शकते. जोर लावताना श्वास सोडावा. फेरी संपली की एकदम आडवे पडू नये, चालत राहावे, नाहीतर पायांत रक्त साचून डोळ्यांपुढे अंधारी येते.

तीव्रता मोजायची असेल, तर २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करावी, म्हणजे कमाल नाडीचा ढोबळ अंदाज मिळतो. चाळीस वर्षांच्या माणसासाठी तो १८० येतो, आणि पहिल्या महिन्यात त्याच्या ८५ टक्के, म्हणजे सुमारे १५३ ठोक्यांच्या वर जाऊ नये. नाडी मोजणारे घड्याळ नसेल तर विश्रांतीच्या वेळी चार-पाच शब्दांचे वाक्य बोलून पाहावे. तेही निघत नसेल, तर पुढची फेरी सोडावी.

आठवड्याची मांडणी, खाणे आणि पाऊस

पहिला महिना आठवड्याला एकच वर्ग, त्यानंतर दोन; ताकद हेच मुख्य ध्येय असेल तर दोनाच्या पुढे जाऊ नये. सहनशक्तीचा व्यायाम फार झाला की ताकदीची वाढ मंदावते, हे संशोधक रॉबर्ट हिक्सन यांच्या १९८० सालच्या प्रयोगातही दिसले होते. मात्र त्यात ताकदीसाठी आठवड्याचे पाच आणि सहनशक्तीसाठी सहा दिवस असा प्रचंड भार होता, त्यामुळे एक-दोन वर्गांनी कमावलेले सारे वाहून जाईल, ही भीती बाळगू नये. सोमवारी स्क्वॉट, मंगळवारी खांदे-छाती, गुरुवारी डेडलिफ्ट आणि शनिवारी वर्ग, ही मांडणी बहुतेकांना मानवते. पायांच्या दिवसाचे सेट पहिल्या महिन्यात एक तृतीयांशाने कमी करावेत. वर्ग आणि जड व्यायाम एकाच दिवशी करणे भाग पडले, तर वजने आधी उचलावीत आणि मध्ये निदान सहा तास जाऊ द्यावेत.

वर्गाच्या दोन-तीन तास आधी जेवण झालेले असावे. सकाळची बॅच असेल तर एखादे केळे पुरते. मिसळ, तांबडा-पांढरा रस्सा आणि गंगावेशीतले म्हशीचे दाट दूध हे सारे व्यायामानंतरचे खाणे-पिणे आहे, कारण स्निग्ध पदार्थ पोटातून लवकर पुढे सरकत नाहीत आणि बर्पी मारताना मळमळ होते. घाम फार गेला असेल तर मीठ घातलेले ताक घ्यावे. प्रथिने शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम, म्हणजे ८० किलोच्या माणसाला दिवसाला १३० ग्रॅमच्या आसपास असावीत. नवा वर्ग आणि जेवणातली मोठी कपात एकाच वेळी सुरू करू नये.

जुलै-ऑगस्टच्या पावसात आपल्याकडे हवा इतकी दमट असते, की घाम सुकत नाही आणि शरीर नीट थंड होत नाही. अशा दिवसांत फेऱ्या कमी कराव्यात. जिमसाठी वेगळे कोरडे बूट पिशवीतून न्यावेत, कारण ओल्या तळव्यांनी बॉक्सवर उडी मारणे म्हणजे नडगी फोडून घेणे. ते बूटही सपाट आणि मध्यम कडक तळव्याचे असावेत. स्क्वॉटसाठीचे उंच टाचेचे बूट उड्यांना चालत नाहीत.

कधी थांबावे

व्यायामानंतर एक ते तीन दिवस अंग दुखणे स्वाभाविक आहे. मात्र स्नायू खूप सुजले, कोपर सरळ होईना आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होऊ लागली, तर तो ऱ्हॅब्डोमायोलिसिस असू शकतो. यात स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतील द्रव्ये रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. अंगात भरपूर स्नायू आणि मनात जिद्द, पण इतक्या रेप्सची सवय नाही, अशा बळकट माणसालाही हा धोका असतो, हे विसरू नये. अशा वेळी घरगुती उपाय करत न बसता त्याच दिवशी सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) किंवा जवळच्या कोणत्याही रुग्णालयात जावे आणि आदल्या दिवशी काय व्यायाम केला, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. छातीत दुखणे, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ येणे, भोवळ येणे यांपैकी काहीही झाले, तर वर्ग जागीच सोडून मदत मागावी.

प्रगती वर्गातल्या फळ्यावर लिहिलेल्या आपल्या क्रमांकावरून मोजू नये. वहीत प्रत्येक फेरीचे रेप्स लिहावेत. पहिल्या फेरीत १५ आणि चौथीत ६ निघत असतील, तर सुरुवात फार वेगाने होते आहे. ११, ११, १०, १० असे आकडे येऊ लागले, की पुढच्या वर्गात थोडे वजन वाढवायला हरकत नाही. आठ आठवड्यांनी स्क्वॉट आणि डेडलिफ्टचे पाच रेप्सचे वजन पुन्हा तपासावे. ते पूर्वीइतकेच किंवा किंचित जास्त असेल, तर मांडणी तशीच चालू ठेवावी. घसरले असेल, तर आधी झोप आणि जेवण पाहावे, आणि ती दोन्ही ठीक असतील, तर आठवड्यातला एक वर्ग कमी करून महिन्याभराने पुन्हा वजन तपासावे.