काळा धूर आणि वाढलेले डिझेल : माझा अनुभव
गोव्यातील सत्तरी तालुक्यातल्या आमच्या शेतात वायंगणाची, म्हणजे रब्बी भाताची, चिखलणी चालू असताना, 22 अश्वशक्तीचा आमचा छोटा ट्रॅक्टर रोटाव्हेटर (माती घुसळणारे फिरत्या पात्यांचे अवजार) टेकवताच काळाभोर धूर सोडू लागला आणि एरवी तासाला दोन लिटरच्या आसपास लागणारे डिझेल तीन लिटरांवर गेले. निळसर धूर असता तर इंजिन ऑइल जळत असल्याचा संशय आला असता. जोर पडताच येणारा काळा धूर मात्र हवेच्या मानाने डिझेल जास्त होत असल्याची खूण असते. गॅरेजवाल्याने थेट इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप खोलण्याचा सल्ला दिला, तो मला पटला नाही, कारण ते काम खर्चिक आणि एअर क्लीनर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा गाळणारा भाग, पाहणे घरच्या घरी होण्यासारखे.

क्लीनरची धूळ अडवणाऱ्या तेलाची वाटी उतरवली, तर तळाशी बोटभर लाल मातीचा गाळ आणि वर डांबरासारखे घट्ट झालेले तेल. उन्हाळाभर ट्रॉली तांबड्या रस्त्यावरून फिरली, त्याची ही धूळ. वाटी आणि जाळी डिझेलने धुतली, जाळी पूर्ण निथळू दिली आणि नवीन तेल खुणेपर्यंतच भरले. खुणेच्या वर भरलेले तेल इंजिनात ओढले जाते, हे आवर्जून सांगतो.

धूर निम्मा झाला, थांबला नाही. मग इंजिनात डिझेल फवारणारे तिन्ही नोझल फोंड्याला तपासणीयंत्रावर लावून घेतले, तेव्हा मधले नोझल बारीक फवारा मारण्याऐवजी थेंब गाळताना डोळ्यांनी दिसले. ते बदलले आणि उरलेल्या दोघांचा दाब जुळवून घेतला. आता खोल चिखलातही क्षणभर राखाडी झाक दिसते, एवढेच, आणि डिझेल पुन्हा दोन लिटरांवर आले आहे.