डिस्क जनरेटरचं गणिती मॉडेल करताय? या चुका टाळा

परीक्षा जवळ आल्या की कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये शेवटच्या वर्षाची मुलं डिस्क जनरेटर घेऊन येतात. चुंबकांच्या दोन चकत्या, मध्ये रेझिनमध्ये ओतलेला स्टेटर, म्हणजे तांब्याच्या कॉइलींचा न फिरणारा भाग. लेथच्या चकमध्ये शाफ्ट धरायचा, 300 आरपीएम लावायचे आणि मल्टीमीटर बघायचा. गेल्या खेपेला मॉडेल दर फेजला (कॉइलींच्या तीन गटांपैकी प्रत्येकाला) 52 व्होल्ट सांगत होतं आणि मीटर वीस-बावीसच्या पुढे सरकेना. मुलांचे चेहरे उतरले. वाइंडिंगवाल्यानं वेढे कमी घातले असतील, अशी शंकाही निघाली. वेढे बरोबर होते, चूक कागदावर होती.

ही चूक इतक्यांकडून होते की तिच्यावर जरा थांबतो. मॉडेलमध्ये 'एअर गॅप' विचारला की मुलं फिरायला ठेवलेली मोकळी जागा लिहितात : दोन्ही बाजूंना 1-1, म्हणजे 2 मिमी. पण या स्टेटरमध्ये लोखंड नाही. तांबं आणि रेझिन चुंबकाच्या दृष्टीनं हवाच. स्टेटर 13 मिमी जाड असेल तर खरी फट 15 मिमी. आता हिशेब बघा. चुंबक नियोडिमियमचे, 10 मिमी जाड, समोरासमोर दोन म्हणजे 20 मिमी. त्यांचं मूळ चुंबकत्व 1.3 टेस्ला (चुंबकक्षेत्राचं एकक), सापेक्ष पारगम्यता, म्हणजे हवेच्या तुलनेत चुंबकत्व किती सहज आरपार जातं ते, 1.05. फट 2 मिमी धरली तर फटीतलं क्षेत्र 1.3 ÷ (1 + 1.05 × 2 ÷ 20), म्हणजे 1.18 टेस्ला येतं. 15 मिमी धरली तर 0.73. शेजारच्या चुंबकाकडे परस्पर वळणारा गळतीचा फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) वजा केला की हाती 0.6 च्या आसपास उरतं. व्होल्टेज थेट या आकड्यावर अवलंबून, त्यामुळे ते तिथंच निम्म्यावर आलं. उरलेली घट वाइंडिंग फॅक्टरची. कॉइलची बाजू रुंद असते, आतल्या आणि बाहेरच्या वेढ्यांना सारखा फ्लक्स मिळत नाही. तो फॅक्टर 1 धरू नका.

दुसरी गोष्ट खास आपल्या कोल्हापूरची. इथं फाउंड्री जवळ, बीड (कास्ट आयर्न) सहज मिळतं, म्हणून चुंबकांच्या मागची चकती बिडाची ओतून घ्यायचा मोह होतो. मॉडेलमध्ये मात्र 'लोखंडाचा विरोध शून्य', म्हणजे फ्लक्सला काहीच अडथळा नाही, असं लिहिलेलं असतं. 46 × 30 मिमीच्या चुंबकाचा फ्लक्स 0.6 टेस्लाला साधारण 0.83 मिलिवेबर. तो चकतीत दोन्हीकडे निम्मा-निम्मा वाटला जातो. चकती 10 मिमी जाड असेल तर लोखंडात 0.9 टेस्ला होतात, 5 मिमी असेल तर 1.8. माइल्ड स्टीलला 0.9 म्हणजे काहीच नाही, पण 1.8 ला तेही संपृक्त होतं, म्हणजे आणखी फ्लक्स सहजी घेत नाही. राखाडी बिडाची दमछाक 0.9 लाच सुरू होते. बीडच वापरायचं असेल तर त्याचा बी-एच वक्र (चुंबकीय जोर वाढवला की धातूत क्षेत्र किती वाढतं याचा आलेख) मॉडेलमध्ये घाला आणि चकती जाड ठेवा. माझं मत विचाराल तर माइल्ड स्टीलची प्लेट कापून घ्या.

मॉडेल आणि मीटर जुळत नसतील तर आधी दोन आकड्यांचं गुणोत्तर काढा. ते बरंच सांगून जातं. बरोबर 2 आलं तर पोल (चुंबकाचे ध्रुव) आणि पोलजोड्यांची गल्लत : 12 पोल म्हणजे 6 जोड्या, 300 आरपीएमला 30 हर्ट्झ, 60 नव्हे. 1.73 आलं तर मॉडेल फेजचं बोलतंय आणि मीटर लाइन-टू-लाइनचं (दोन फेजच्या तारांमधलं). 1.41 म्हणजे शिखरमूल्य आणि आरएमएस (एसीचं परिणामी मूल्य) यांची सरमिसळ. टॉर्क 1.5 पटीनं चुकत असेल तर पार्क रूपांतर (तीन फेजचे आकडे रोटरबरोबर फिरणाऱ्या दोन अक्षांवर नेणारं गणित) तपासा. 2/3 वालं रूप वापरलं की टॉर्कच्या सूत्रात 3/2 लागतो. वर्गमुळातल्या 2/3 चं रूप वापरलं तर लागत नाही. एका पुस्तकातून रूपांतर आणि दुसऱ्यातून टॉर्क उचलला की हे होतंच. गुणोत्तर असं ओळखीचं नसेल, तर फट आणि गळतीकडे वळा.

टॉर्कचं चिन्ह उलटं राहिलं तर मॉडेलमधला जनरेटर मोटरसारखा पळतो. सॉफ्टवेअरचा ब्लॉक मोटरच्या पद्धतीनं लिहिलेला असेल तर टॉर्क ऋण द्यावा लागतो, एवढंच.

मॉडेलमध्ये बॅटरीच्या जागी रेझिस्टर ठेवणं मात्र मोठी चूक. बॅटरी व्होल्टेज धरून ठेवते, तिथपर्यंत पोचल्याशिवाय प्रवाहच सुरू होत नाही. 12.6 व्होल्टच्या बॅटरीला, एसीचं डीसी करणाऱ्या ब्रिजमधल्या दोन डायोडचे 1.4 मिळवा, 14 होतात. म्हणजे लाइनचा आरएमएस साधारण 10 व्होल्ट होईपर्यंत चार्जिंग शून्य. इतक्या कमी व्होल्टेजला डायोडचे 1.4 म्हणजे सुमारे दहा टक्के नुकसान, तेही गाळू नका.

तासभर लोडवर चालल्यावर व्होल्टेज उतरतं, तेव्हा घाबरू नका. चुंबक 20 वरून 70 अंशांवर गेला की सुमारे 6 टक्के चुंबकत्व घटतं. तांब्याचा रोधही तेवढ्या वाढीत 20 टक्क्यांनी चढतो. साधा एन-ग्रेडचा चुंबक 80 अंशांपलीकडे नेऊ नका, तिथं गेलेलं चुंबकत्व थंड झाल्यावर परतेलच असं नाही.

आणि लेथवर चढवण्याआधी चकत्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा. बेडवरचा लोखंडी चुरा चुंबकाला चिकटला की 1 मिमीच्या मोकळ्या जागेत शिरून स्टेटर खरवडतो. आधी लोड न लावता तीन वेगवेगळ्या आरपीएमना व्होल्टेज मोजा, थंड कॉइलचा रोध मोजा आणि हे आकडे मॉडेलशी जुळल्यावरच बॅटरी जोडा.