खापरावरचे मांडे घरी करायचेत? आधी पिठाचं बघा

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली की आमच्या हॉटेलात रोज कोणीतरी विचारतंच, ताई मांडे, म्हणजे खापरावरच्या मोठ्या पातळ पुरणपोळ्या, घरी जमतील का, आणि माझं उत्तर दरवर्षी तेच असतं, जमतात, फक्त पिठाला वेळ द्या. धुळ्यात आमचं छोटं हॉटेल आहे, घरच्याच माणसांवर चालतं, सासरे गल्ल्यावर, दीर शेवभाजीच्या कढईपाशी, आणि मांडे भाजायचं मातीचं खापर आधी सासूबाईंकडे होतं ते आता चार वर्षं झाली माझ्याकडे आलंय. पुरण सगळ्यांना येतं, अडतं ते पिठात, म्हणून तेच जास्त लिहिते.

लोकवन गहू घ्या. रात्री त्याला पाण्याचा हात लावून फडक्यात बांधून ठेवा, सकाळी सावलीत सुकवा आणि गिरणीत एकदम बारीक दळून आणा. मग ते पीठ चाळणीतून नाही, सुती पातळ कापडातून गाळायचं, वस्त्रगाळ. कंटाळा येतो खरा, पण मांडा ताणताना कोंड्याचा एक कण जिथे असेल ना तिथूनच तो फाटतो. अगदीच सवय नसेल तर पहिल्या वेळी चौथा हिस्सा मैदा घाला, त्यात काही कमीपणा नाही.

अर्धा किलो पीठ, चमचाभर मीठ, आधी पोळीसारखंच मळा आणि तासभर झाकून ठेवा. आता खरं काम. पाण्यात हात बुडवायचा, मळायचं, परत बुडवायचा, परत मळायचं, आणि गोळा उचलून परातीत आपटायचा, चांगली वीस पंचवीस मिनिटं, हात भरून येतात पण थांबू नका. पीठ आधी चिकट होतं, हाताला नुसतं लागतं, घाबरून कोरडं पीठ घालू नका, थोड्या वेळाने ते आपोआप हात सोडतं आणि चमकायला लागतं. मग वरून तेलाचा हात फिरवून दोन तास ठेवा. झालं का ते बघायला लिंबाएवढा गोळा बोटांत धरून लोंबकळू द्या, तो न तुटता हळूहळू खाली परातीपर्यंत आला पाहिजे, तुटला तर अजून अर्धा तास.

माझ्या पहिल्या आखाजीला चाळीस मांड्यांची ऑर्डर होती आणि मी पीठ अर्धा तासच मुरवलं. पहिले सात मांडे हातावरच फाटले, पुरण खापरावर पडून जळालं, सगळ्या हॉटेलात धूर. सासूबाई रागावल्या नाहीत, परात झाकली आणि एवढंच म्हणाल्या, "पीठले घाई चालत नही, माय." गिऱ्हाईकांना दीड तास थांबवलं आम्ही, पण नंतरचा एकही फाटला नाही.

पुरणाला अर्धा किलो चणाडाळ, गूळ आणि साखर मिळून तेवढंच, वेलची, जायफळ. डाळीचं वरचं पाणी फेकू नका, रशीला, म्हणजे सोबतच्या तिखट आमटीला, लागतं. पुरण पाट्यावर किंवा पुरणयंत्रातून अगदी मऊ वाटा, अख्खी डाळ राहिली तर तीही मांडा फाडते. एवढ्यात दहाएक मांडे होतात.

खापर म्हणजे मातीचं मोठं भांडं, चुलीवर पालथं घालायचं. नवं असेल तर मंद आचेवर हळूहळू तापवा, एकदम जाळ दिला तर तडकतं. पाण्याचा शिंतोडा टाकल्यावर लगेच चुर्र झालं की तयार. अंगठ्या काढून ठेवा, नखं कापलेली हवीत. पिठाच्या दुप्पट पुरण भरून गोळा बंद करा, तांदळाच्या पिठीवर पुरीएवढा लाटा, मग दोन्ही हातांवर घेऊन या हातावरून त्या हातावर फिरवत फिरवत मोठा करा. ओढायचा नाही, स्वतःच्या वजनाने वाढू द्यायचा. कोपरापर्यंत आला की खापरावर अलगद सोडा, डाग पडले की उलटा आणि गरम असतानाच चौघडी घाला, गार झाल्यावर घडी मोडते.

सोबत आमरस, भाजलेल्या कांदा खोबऱ्याची तिखट रशी, कुरडई आणि गिलक्याची, म्हणजे घोसाळ्याची, भजी. भज्यांना गिलके कोवळेच घ्या, पातळ चकत्या, बेसनात ओवा, तिखट, मीठ, आणि तेल चांगलं तापलेलं, बाकी काही नको.

उरलेले मांडे दुसऱ्या दिवशी कडक होतात, ते गरम दुधात मोडून साजूक तूप घालून खा, आमच्या घरी तर मुलांसाठी मुद्दाम दोन जास्तीचे करून ठेवते मी.