दोन आवारांतला एक वर्ग : छोट्या विभागांनी तास वाटून कसे घ्यावेत

पाली, प्राकृत, भाषाशास्त्र अशा विषयांच्या विभागात एम. ए.ला सात-आठ विद्यार्थी आणि दोन पूर्णवेळ शिक्षक असले की वैकल्पिक पेपरांची यादी छापील राहते आणि प्रत्यक्षात त्यातला एखादाच पेपर शिकवला जातो. दुसऱ्या पेपरातला जाणकार पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंडीतल्या आवारात किंवा डेक्कन कॉलेजात असतो, नाहीतर थेट नाशिकला. दोनशे किलोमीटरवरून आठवड्यातून दोनदा कोणी येऊ शकत नाही. दोन्हीकडचे वर्ग व्हिडिओ बैठकीतून जोडून तास घेतले तर मात्र तो पेपर सुरू होऊ शकतो. असे प्रयत्न बंद पडतात ते बहुतेक वेळा एका कारणाने : खरेदी कॅमेऱ्यापासून सुरू होते आणि पलीकडच्या वर्गाला प्रेक्षक मानले जाते.

आधी कागदपत्रे

पहिल्या सत्रात दोन श्रेयांकांचा (क्रेडिटचा) एकच वैकल्पिक पेपर घ्या. एका श्रेयांकाला अध्यापनाचे 15 तास, म्हणजे एकूण 30. आठवड्याला दोन तास धरले तर 15 आठवडे. आता दोन्ही संस्थांची शैक्षणिक दिनदर्शिका शेजारी ठेवा. गणपती, दिवाळी, अंतर्गत परीक्षा, एकीकडचा स्नेहमेळावा आणि दुसरीकडची नॅकची (मूल्यांकनाची) समिती वगळली की सामाईक आठवडे बाराच्या आसपास उरतात. बुडणारे सहा तास कोणत्या शनिवारी भरून काढायचे ते सत्राच्या आधीच ठरवून वेळापत्रकात छापा. तासांच्या वेळाही जुळवाव्या लागतात. एका ठिकाणी तास अकराला आणि दुसरीकडे सव्वाअकराला सुरू होत असेल तर प्रत्येक तासाची पंधरा मिनिटे जातात. जोडतासाच्या आधीचा तास त्या खोलीत कोणालाच देऊ नका. जोडणी तपासायला तेवढा वेळ लागतोच.

दोन्ही अभ्यास मंडळांच्या ठरावात चार गोष्टी स्पष्ट असाव्यात : प्रश्नपत्रिका कोण काढणार, उत्तरपत्रिका कोण तपासणार, अंतर्गत गुणांची वाटणी काय, आणि श्रेयांक कोणत्या संस्थेकडून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे विद्यार्थ्याचे श्रेयांक साठवणाऱ्या राष्ट्रीय खात्यात, चढणार. ही व्यवस्था 2021पासून आहे, पण विद्यार्थ्याचे खाते आधी उघडलेले नसेल तर निकालाच्या वेळी धावपळ होते. पाचवी बाब कोणी लिहीत नाही आणि ती सगळ्यांत महत्त्वाची आहे : शिकवणाऱ्याचे तास त्याच्या संस्थेत कार्यभार म्हणून मोजले जावेत, आणि पलीकडे वर्ग सांभाळणाऱ्याचेही. फुकटचे काम म्हणून चाललेला जोडवर्ग एक सत्र टिकतो. पुढे विभागप्रमुख बदलले की संपतो.

पलीकडच्या वर्गात माणूस हवाच. पीएच. डी.चा विद्यार्थी चालेल, तासिका तत्त्वावरचे शिक्षक असतील तर उत्तम. हजेरी घेणे, हात वर केलेल्याचे नाव मोठ्याने सांगणे, छापील उतारे वाटणे, ध्वनी तुटला की फोनवर कळवणे ही त्यांची कामे. शिक्षकांनी प्रत्येक प्रश्न आधी दूरच्या वर्गाला विचारावा. समोरच्यांना आधी विचारले तर उत्तर तिथेच मिळून जाते आणि पडद्यापलीकडची मुले पंधरा दिवसांत गप्प होतात. महिन्यातून एक तास शिक्षकांनी दुसऱ्या बाजूने घ्यावा. त्यांची मुळातली मुले त्या दिवशी पडद्यावर असली म्हणजे काय ऐकू येत नाही आणि काय दिसत नाही, हे लगेच कळते.

आवाज

चित्र खराब असले तरी तास चालतो, आवाज खराब असेल तर चालत नाही. निधी कमी असेल तर तो मायक्रोफोनवर खर्च करा. जुन्या इमारतीतल्या उंच छताच्या खोल्या घुमतात : टाळी वाजवा, शेपटीसारखा आवाज मागे रेंगाळला तर ती खोली सोडा. दुसरी नसेलच तर जाड पडदे, सतरंजी आणि भिंतीला लागून पुस्तकांची कपाटे लावा. पंखा थेट मायक्रोफोनवर नको. शिक्षकांना कॉलरचा मायक्रोफोन द्या, हनुवटीखाली वीतभर अंतरावर. विद्यार्थ्यांसाठी टेबलावर स्पीकरफोन ठेवा, चार-पाच जणांमागे एक.

प्रतिध्वनीचा दोष शोधताना लोक हमखास चुकीच्या टोकाला जातात. पुण्यातल्या शिक्षकांना स्वतःचाच आवाज परत ऐकू येत असेल तर बिघाड नाशिकच्या खोलीत असतो : तिथल्या स्पीकरचा आवाज तिथल्याच मायक्रोफोनमध्ये शिरतो. तिथला स्पीकर हळू करा, मायक्रोफोनपासून लांब न्या. एका खोलीत ध्वनी एकाच यंत्राचा असावा. विद्यार्थ्यांनी आपापल्या लॅपटॉपवरून त्याच बैठकीत ध्वनीसह प्रवेश केला की शिट्टी सुरू होते. प्रतिध्वनी कापण्याची सोय स्पीकरफोनमध्येही आहे आणि सॉफ्टवेअरमध्येही चालू आहे, असे झाले तर शब्दांचे तुकडे पडतात. मग एक बंद करा.

ध्वनिशास्त्राच्या तासाला आणखी एक खबरदारी. पार्श्वध्वनी दाबणारी सोय स, श, ह यांसारख्या ध्वनींना अनेकदा गोंगाट समजून कापते. अशा तासाला झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा आणि दोन्हीकडे हेडफोन वापरा.

मोडी वाचताना

मोडीची कागदपत्रे शिकवायची असतील तर लॅपटॉपचा कॅमेरा कुचकामी आहे. मोडीत लेखणी फारशी न उचलता ओळ पुढे जाते, त्यामुळे वळण कुठून सुरू झाले आणि पुढच्या अक्षरात कसे शिरले हे हलताना दिसले पाहिजे. डॉक्युमेंट कॅमेरा (दांडीवरून खाली कागदाकडे पाहणारा कॅमेरा) कागदावर सरळ काटकोनात लावा. दिवे दोन, डावी-उजवीकडून 45 अंशांत. डोक्यावरची ट्यूब बंद, नाहीतर कागदावर पांढरा पट्टा उमटतो. एकदा फोकस जुळला की ऑटोफोकस आणि ऑटोएक्स्पोजर (उजेड आपोआप जुळवणारी सोय) दोन्ही बंद करा. ते चालू राहिले तर बोट कागदावर आले की कॅमेरा बोटावर जातो, अक्षरे धूसर होतात आणि बोट काढल्यावर पुन्हा जुळायला वेळ घेतात. बोटाऐवजी बारीक काडीने दाखवा. चौकटीत चार-पाच ओळींपेक्षा जास्त घेऊ नका. मूळ कागद कॅमेऱ्याखाली न ठेवता त्याची छापील प्रत ठेवा.

झूममध्ये हे चित्र स्क्रीन शेअरमधून पाठवले तर हालचाल धक्क्याधक्क्याने दिसते. शेअरच्या प्रगत पर्यायांत दुसऱ्या कॅमेऱ्याचे चित्र पाठवण्याची सोय आहे, ती वापरा. यूएसबी 2ची साधी वायर पाच मीटरपेक्षा लांब नको. लांब जोडली की कॅमेरा मध्येच गायब होतो. अंतर जास्त असेल तर ॲक्टिव्ह, म्हणजे मध्ये संकेत वाढवणारी, वायर घ्या.

जोडणी आणि वीज

वर्गाचा संगणक लॅनच्या वायरनेच जोडा. वाय-फाय सकाळी रिकाम्या इमारतीत छान चालते आणि अकराला मुले आली की कोलमडते. एका जोडवर्गाला दोन्ही दिशांना पाच एमबीपीएस पुरतात, पण अपलोडही तेवढे आहे ना, हे तासाच्याच वेळेला मोजा. झूमचे फुकट खाते 40 मिनिटांनी बैठक तोडते, त्यामुळे संस्थेचे खाते हवे. बिगब्लूबटन या ऑनलाइन वर्गांच्या मुक्त सॉफ्टवेअरचा स्वतःचा सर्व्हर उभारायचा असेल तर उबुंटू, आठ कोअर आणि 16 जीबी रॅम लागते. तिथे नेहमी अडते ते फायरवॉलवर : लोक बैठकीत येतात, चॅट चालते, पण आवाज-चित्र येत नाही. अशा वेळी आवाज-चित्र वाहणारे यूडीपीचे 16384 ते 32768 हे पोर्ट बंद असण्याची शक्यता मोठी. संगणक केंद्राला हे आकडे लिहूनच द्या. जमत नसेल तर 443 पोर्टवर टर्न सर्व्हर (आवाज-चित्र मध्यस्थ म्हणून पुढे पाठवणारा) मागा.

यूपीएसवर संगणक लावला आणि मजल्यावरचा नेटवर्क स्विच विसरला तर वीज गेल्यावर संगणक चालू आणि वर्ग बंद. दोन्ही लावा. तरीही जोडणी तुटली तर दहा मिनिटे वाट पाहायची आणि मग पलीकडच्या समन्वयकाने त्या दिवसाचा छापील उतारा वाचायला घ्यायचा, हे आधी ठरलेले असू द्या.

संशोधन वाटून घेताना

सामाईक संदर्भसूचीसाठी झोटेरो या संदर्भ-नोंदींच्या सॉफ्टवेअरमधला गट पुरतो. फुकट जागा 300 एमबी आहे, म्हणून त्यात फक्त नोंदी ठेवा आणि पीडीएफ संस्थेच्या ड्राइव्हवर. ड्राइव्ह कोणाच्याही वैयक्तिक ईमेलवर नको. माणूस निवृत्त झाला की सगळ्यांचे दार बंद होते. हस्तलिखितांच्या प्रतिमा टिफमध्ये, निदान 400 डीपीआयने ठेवा. फाइलचे नाव रोमन अक्षरे आणि आकड्यांत, रिकामी जागा न सोडता : संस्था, क्रमांक, पान, बाजू. ‘नवीन अंतिम 2’ अशी नावे दिसू लागली की समजावे, दोन आवारांत दोन पाठ तयार झाले आहेत. भांडारकर संस्था असो की भारत इतिहास संशोधक मंडळ, प्रतिमा दुसऱ्या आवाराला देता येतील का, हे परवानगीच्या पत्रातच लिहून घ्या.

तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या गावात. जोडविभाग असल्यामुळे दुसरे गाव आयतेच मिळते. सत्रातून एकदा तिकडच्या प्रतीतून दहा फाइल उघडून पाहा आणि चेकसम (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) जुळवा.