वीस वर्षं, एक भूमिका: टीव्ही वेस्टर्नच्या नटावर सव्वा तासाचा कार्यक्रम कसा बांधावा

सिनेमातल्या नटाची कारकीर्द चित्रपटांच्या यादीवरून सांगता येते. टीव्ही वेस्टर्नमधल्या, म्हणजे जुन्या अमेरिकी पश्चिमेतल्या घोडेस्वार-बंदूकधाऱ्यांच्या मालिकांमधल्या नटाचं तसं नसतं. त्याची सगळी कमाई बहुधा एकाच भूमिकेत साठलेली असते. जेम्स आर्नेसनं ‘गनस्मोक’ या अमेरिकी मालिकेत मार्शल मॅट डिलन केला तो १९५५ ते १९७५, वीस पर्वं, ६३५ भाग. पुण्यातल्या एखाद्या फिल्म क्लबात, वाचनालयात किंवा ज्येष्ठ नागरिक संघात त्याच्यावर कार्यक्रम करायचा असेल, तर ही वीस वर्षं मधोमध ठेवा. ‘जन्म, शिक्षण, पहिला चित्रपट’ या क्रमानं गेलात तर मुख्य गोष्टीला पोचेपर्यंत अर्धा तास संपलेला असतो.

आधी मोठ्या कागदावर पाच रकाने पाडा: साल, नटाचं वय, मालिकेत काय बदललं, पडद्यावर काय दिसतं आणि ‘आपल्याकडे’. पर्व सप्टेंबरात सुरू होऊन पुढच्या वर्षी संपतं, म्हणून साल नेहमी जोडून लिहा: बारावं पर्व म्हणजे १९६६-६७. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. आर्नेसचा जन्म २६ मे १९२३ चा, मिनिॲपोलिसचा. १० सप्टेंबर १९५५ ला पहिला भाग दाखवला गेला तेव्हा तो ३२ वर्षांचा होता. ३१ मार्च १९७५ ला शेवटचा भाग लागला तेव्हा ५१ वर्षांचा. वयाचा रकाना भरला की कार्यक्रमाचा कणा आपोआप हाती येतो.

तिसऱ्या रकान्यात एवढं हवंच: १९६१ मध्ये अर्ध्या तासाचा भाग एक तासाचा झाला, १९६४ मध्ये डिलनचा साथीदार चेस्टर करणारा डेनिस वीव्हर बाहेर पडला, १९६६ मध्ये रंग आला. १९६७ मध्ये मालिका दाखवणाऱ्या सीबीएस या वाहिनीनं ती बंद करायचं ठरवलं होतं. कंपनीचे प्रमुख विल्यम पेली यांनी तो निर्णय फिरवला आणि मालिका शनिवारवरून सोमवारी गेली. हा प्रसंग दोन मिनिटं देऊन सांगा. पुढची आठ वर्षं त्याच्यामुळे मिळाली.

पाचव्या रकान्याला आळस करू नका. मुंबईत दूरदर्शन १९७२ मध्ये आलं आणि सिंहगडावरच्या प्रक्षेपण केंद्रामुळे १९७३ मध्ये पुण्यात दिसू लागलं. म्हणजे पुणेकरांच्या घरात पहिला टीव्ही लागला तेव्हा आर्नेसची अठरा वर्षं करून झाली होती. हे एक वाक्य सुरुवातीलाच टाकलं की श्रोते कालरेषेवर स्वतःची जागा शोधतात आणि पुढचं मन लावून ऐकतात.

क्लिपा चार पुरतात: सुरुवातीच्या पर्वांतलं रस्त्यावरचं द्वंद्व, १९६१ नंतरचा एखादा संथ संवाद, रंगीत काळातला एक प्रसंग आणि शेवटच्या वर्षांतला एक. प्रत्येकी चार मिनिटांच्या आत. पाच मिनिटांच्या पुढे गेलात की श्रोते गोष्टीत शिरतात आणि मध्येच तोडल्यावर चिडतात. पहिल्या क्लिपेआधी दिवे मालवून एक मिनिट रेडिओवरचा डिलन ऐकवा. तो आवाज विल्यम कॉनराडचा. याच नावाची रेडिओची मालिका १९५२ ते १९६१ चालली, म्हणजे सहा वर्षं दोन डिलन एकाच वेळी होते. टिपणं काढताना दोन्हींचे भाग एकमेकांत मिसळतात. रेडिओसाठी वेगळी शाई वापरा.

आता पायाबद्दल, कारण हा नट समजून घ्यायचा तर त्याचा उजवा पाय बघावा लागतो. १९४४ मध्ये इटलीतल्या ॲन्झिओच्या लढाईत त्या पायाला गोळ्या लागल्या आणि दुखणं जन्मभर राहिलं. घोड्यावर चढताना ते उसळे. पहिल्या आणि चौथ्या क्लिपेत तो घोड्यावर चढतो किंवा उतरतो असाच तुकडा निवडा, आणि दोन्ही आधी आवाज बंद करून दाखवा. कमरेपासूनचं वळण, रिकिबीतून सुटणारा पाय, जमिनीवर भार टेकण्याआधीचा क्षण. मगच आवाजासकट पुन्हा लावा. सव्वा तासात लोकांच्या सगळ्यात जास्त लक्षात राहतं ते हेच.

चित्राची चौकट ४:३ ठेवा. हॉलमधला प्रोजेक्टर बहुतेक वेळा चित्र ताणून १६:९ करतो आणि सहा फूट सात इंचांचा सडपातळ माणूस बुटका, रुंद दिसतो. दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसले तर दिसू द्या. त्याच हॉलमध्ये, त्याच यंत्रावर आदल्या दिवशी चारही क्लिपा लावून पाहा. एप्रिल-मेमध्ये पंखे सुरू असतात आणि जुना आवाज त्यात बुडतो, म्हणून प्रत्येक क्लिपेआधी तीन ओळींचा मराठी सारांश पडद्यावर द्या.

सारांश लिहिताना दोन शब्द जपा. ‘मार्शल’चा ‘फौजदार’ करू नका. तो केंद्र सरकारचा अधिकारी आणि शेरीफ हा बहुधा काउंटीनं, म्हणजे जिल्ह्यासारख्या भागानं, निवडून दिलेला, हा फरक नाहीसा होतो. आणि ‘सलून’ मुळीच लिहू नका. आपल्याकडे सलूनमध्ये केस कापतात. मालिकेतल्या मिस किटीच्या दारू मिळणाऱ्या जागेला सरळ ‘बार’ म्हणा.

वेस्टर्न चित्रपटांचा मोठा नट जॉन वेन यानं नाकारलेली भूमिका आर्नेसला मिळाली, हे सर्रास छापलं जातं. पहिले निर्माते-दिग्दर्शक चार्ल्स मार्क्विस वॉरन यांनी ते खोडून काढलं होतं. वेननं पहिल्या भागाआधी पडद्यावर येऊन आर्नेसची ओळख करून दिली, एवढंच सांगा. ते दाखवताही येतं.

संदर्भासाठी लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचं ग्रंथालय आधी गाठा. समीक्षेच्या ओघात छोटे तुकडे दाखवणं वेगळं आणि अख्खा भाग लावणं वेगळं. त्याला हक्कधारकाची परवानगी लागते.

शेवटची पंधरा मिनिटं प्रश्नांना ठेवा. ‘मिशन इम्पॉसिबल’ या टीव्ही मालिकेतला पीटर ग्रेव्हज आर्नेसचा सख्खा भाऊ, मग आडनावं वेगळी कशी, हा प्रश्न हमखास येतो. घरचं आडनाव ऑर्नेस. थोरल्यानं त्यातलं ‘यू’ हे अक्षर गाळलं, धाकट्यानं आईकडचं नाव घेतलं. फळा असेल तर इंग्रजी अक्षरं लिहूनच दाखवा, तोंडी सांगून ते कळत नाही.